चादरीचं दुसरं टोक

पाण्यात कुठून उतरायचं, हे आमच्या घरात मी सांगायची. चाळीस वर्षं सांगत आले. नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं, नातीला तर ती नीट चालायला लागायच्या आधीपासून सांगितलं. आमच्या लाँड्रीच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की आधी वाळत घालायचं अंगण, त्यात बारा दोऱ्या, मग वाळू, आणि वाळू संपली की तळं. तळं आपलं म्हणायला. त्याचा पलीकडचा काठ इथून कोणाला दिसलेला नाही. वारा सुटला की अशा लाटा येतात की नवीन माणूस विचारतो, मावशी, हा समुद्र का हो? मी म्हणते, घोटभर पिऊन बघ, खारट लागला तर समुद्र.

काठावर पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे दगडी धक्का आणि डावीकडे मोकळी वाळू. मधे एक पट्टा असा आहे की तिथं लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असतो आणि मधलं पाणी काळसर, गुळगुळीत, जणू कोणी इस्त्री फिरवून ठेवलंय. त्या पट्ट्याला आम्ही गल्ली म्हणायचो. नाव मीच दिलेलं. लेकराबाळांनी गल्लीतून उतरावं, उगाच लाटांचे फटके खाऊ नयेत, हा माझा नियम. गेस्टहाउसात उतरलेल्या बायका पोरांना घेऊन काठावर यायच्या, विचारायच्या, त्यांनाही मी हात लांब करून गल्ली दाखवायची. कधी काही झालं नाही. ह्या चार शब्दांवर मी चाळीस वर्षं ताठ मानेनं काढली.

माझी सून तळ्याकाठची नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा बादलीतल्या पाण्यातही जपून हात घालायची. पोहायला शिकली ती पस्तिशी उलटल्यावर. पण शिकली ती अशी शिकली की गेल्या साली तळ्यावरच्या बचाव पथकाचं बारा दिवसांचं शिक्षण घेतलं आणि गळ्यात शिट्टी घालूनच घरी आली. तेव्हापासून मी तिला मास्तरीण म्हणते. तिला राग येत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. समोरच्याला राग आला तर भांडता तरी येतं.

आल्या आल्या, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत मला म्हणाली, "आई, आपली ती गल्ली आहे ना, ती गल्ली नाही. पाण्याची मागे जायची वाट आहे ती."

"म्हणजे काय?"

"लाटा पाणी काठावर आणून टाकतात. ते सगळं पाणी कुठून तरी मागे जाणारच ना? पाण्याखाली वाळूचा बांध असतो, तो जिथं फुटलेला असतो तिथून जातं. म्हणून तिथं लाट फुटत नाही. शांत दिसतं, पण ओढत असतं."

"बुडवतं?"

"बुडवत नाही. नुसतं आत नेतं. माणूस काठाकडे तोंड करून झगडतो, दमतो, आणि दमून बुडतो."

"हे कोणी सांगितलं?"

"शिकवलं आम्हाला."

"बारा दिवसांत?"

"हो."

"मी इथं चाळीस वर्षं आहे. एका वर्षाचे किती दिवस ते बघ, त्याला चाळीसनं गुण, आणि मग ये मला शिकवायला."

माझा मुलगा इस्त्रीच्या टेबलामागे हसला. मग बायकोकडे लक्ष गेलं तसं त्यानं ते हसू खोकल्यात घालवलं.

त्यानंतर मास्तरणीनं एक फळी रंगवली आणि गल्लीसमोर वाळूत रोवली. तीन दिवस उभी होती. चौथ्या दिवशी पिळायच्या मशीनचा एक पाय खचला, मशीन थडथडत भिंतीपर्यंत चालत जायला लागलं, आणि मला आधाराला काहीतरी सपाट हवं होतं. फळी नेमकी बसली. अक्षरं खाली. मास्तरीण आत आली, तिनं मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओल्या चादरींची टोपली उचलून निघून गेली. मला वाटलं, जिंकले.

आता नातीचं सांगते. सोळा वर्षांची आहे. अंगात पायच जास्त, म्हणून मी तिला बगळी म्हणते. आठ वर्षांची होती तेव्हापासून चादरीचं दुसरं टोक तिच्याकडे. आमच्याकडे मशीन चालू असलं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातांनी. चादरीचे दोन कोपरे मी धरायचे, दोन तिनं. मी ताणलं की तिनंही ताणायचं. मी हात खाली टाकले की तिनं सैल सोडायची, कारण चादर कशाला तरी अडकलेली असते आणि ओढली तर फाटते. मी बाजूला चालायला लागले की तिनंही त्याच बाजूला चालायचं, चादर मोकळी होईपर्यंत. आणि मी दोन्ही मुठी छातीशी आणल्या की घडी घालत माझ्याकडे यायचं. दिवसाला दीडशे चादरी. माझा खांदा हलायच्या आधी तिला कळतं. तिच्या आईबरोबर घडी घालते तेव्हा कोपरे जुळत नाहीत, हे मी चारचौघांत बोलून दाखवायची.

ज्या दिवसाचं सांगतेय, त्याच्या आधी दोन दिवस वारा होता. तळ्यावरून सरळ आमच्या दारावर येणारा. दोऱ्यांवर रुमालसुद्धा टिकेना. गेस्टहाउसाच्या आणि दवाखान्याच्या चादरींचा ढीग छताला लागायला आला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा कमी झाला, ऊन पडलं, आणि आम्ही चौघं जेवण अर्धं टाकून कामाला लागलो. तीन-साडेतीनला निम्मा ढीग उतरला.

बगळी म्हणाली, "आजी, जाऊ का पोहायला? अंग नुसतं साबण साबण झालंय."

मास्तरीण दोरीवर चिमटे लावत होती. तिथूनच म्हणाली, "आज नको. दोन दिवस सगळा वारा आपल्या काठावर होता. पाणी अजून निवलेलं नाही."

"अगं आई, ऊन पडलंय बघ."

"ऊन वर पडलंय. पाण्याला अजून कळलेलं नाही."

खरं सांगायचं तर मीसुद्धा त्या दिवशी पाण्याकडे बघितलं होतं आणि लाटा मला मोठ्या वाटल्या होत्या. पण मास्तरीण नको म्हणाली ना! तिनं नको म्हटल्यावर माझ्या तोंडून हो आपोआप निघतं.

"जा गं," मी म्हणाले. "गल्लीतून उतर म्हणजे झालं."

बगळीनं एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक.

"आई," मास्तरीण मला म्हणाली, "मी तिची आई आहे."

"आणि मी तुझ्या नवऱ्याची. सांग, वर कोण?"

तिनं हातातला चिमटा दोरीला लावला. बगळी तोवर अंगणाबाहेर पोहोचली होती.

आम्ही पुन्हा कामाला लागलो. बगळीच्या जागी मुलगा चादर धरायला उभा राहिला. त्याचे हात म्हणजे ओंडके, कोपरा इकडचा तिकडे. मी त्याला दोन शब्द ऐकवणार, तेवढ्यात शिट्टी वाजली. एक लांब. मग पुन्हा एक लांब.

मी चादर हातात तशीच धरून मागच्या दाराला आले. मास्तरीण पाण्याच्या कडेला उभी होती, तोंडात शिट्टी, एक हात वर. तिच्या समोर सरळ रेषेत, गल्लीच्या मधोमध, बगळीचं डोकं दिसत होतं. तोंड आमच्याकडे. हात चालू होते, चांगले जोरात चालू होते.

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? गल्लीतच तर आहे, मग ही कशाला बोंबलतेय.

मग मी धक्क्याकडे बघितलं. धक्क्याच्या टोकाला एक लोखंडी खांब आहे. बगळी खांबाच्या अलीकडे होती. दहा-बारा हात मारले तिनं, माझ्या डोळ्यांसमोर, सगळे काठाकडे. आणि ती खांबाच्या रेषेत गेली. आणखी दहा मारले. खांब आता तिच्या अलीकडे होता.

गल्ली तिला आत नेत होती.

मुलगा माझ्या बाजूनं धावत सुटला. चप्पल एकीकडे, शर्टाची बटणं तोडत. तो पाण्यात शिरणार तोच मास्तरणीनं त्याची कॉलर मागून धरली, अशी धरली की तो मागे बसला.

"सोड! पोरगी चाललीय माझी!"

"माझी पण आहे. तू शिरलास तर दोघांना काढायला माझ्याकडे हात नाहीत. पथकाला फोन लाव. सांग, धक्क्याच्या डावीकडे, एक मुलगी, शुद्धीत आहे. लाव!"

तो वाळूत बसूनच फोन लावायला लागला. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा लागला. "वीस मिनिटं म्हणतायत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा फाटला.

वीस मिनिटं. मी बगळीकडे बघत होते. ती माझ्याकडे बघत होती. मी हाक मारली. माझी हाक रस्त्यापलीकडच्या गेस्टहाउसात ऐकू जाते, त्यावरून लोक मला नावं ठेवतात. पण वारा तळ्याकडून येत होता आणि लाटांचा आवाज मशीनपेक्षा मोठा. माझी हाक माझ्याच तोंडावर परत आली. मग मी तेच केलं जे आठ वर्षं केलं. चादर खांद्यावर टाकली आणि दोन्ही मुठी छातीशी आणल्या. ये. ये. माझ्याकडे ये.

आणि तिनं ऐकलं. दुप्पट जोरानं हात मारायला लागली. पाण्यात काठाकडे पाठ करायची नाही, दारावर डोळे ठेवायचे आणि हात मारायचे, हे तिला मीच शिकवलेलं. ती शहाण्यासारखी तसंच करत होती. एक लाट तिच्या डोक्यावरून गेली. डोकं वर आलं. मी पुन्हा मुठी छातीशी ओढल्या. दुसरी लाट गेली. ह्या खेपेला डोकं वर यायला वेळ लागला.

"हात खाली करा!"

मी वळून बघितलं. मास्तरीण माझ्यावर ओरडत होती. लग्न होऊन अठरा वर्षं झाली, तिनं माझ्याशी आवाज चढवला नव्हता. काखेत साबणाचे दोन रिकामे कॅन होते, झाकणं घट्ट लावलेले, वाळवणाच्या दोरीनं एकमेकांना बांधलेले. मी हाका मारत होते तेवढ्यात ती अंगणात जाऊन हे करून आली होती.

"तुम्ही तिला ओढताय, आई! ती दमतेय. तुम्ही बोलावताय म्हणून ती झगडतेय!"

"मग काय करू? जा म्हणू?"

"सैल सोडायला सांगा."

"सैल सोडलं तर आत जाईल ती!"

"जाऊ दे. थोडी जाईल, मग ओढ संपते. तोवर पाठीवर पडून श्वास घेऊ दे. ओढ संपली की आडवी काढा, डावीकडे, धक्क्यापासून लांब. तिथं लाटा फुटतायत, त्याच तिला बाहेर आणतील."

"आणि नाही संपली तर?"

तिनं कॅनच्या दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. तेवढ्यात मला कळलं की तिलाही भीती वाटतेय. "मी जातेच आहे," ती म्हणाली. "पण मी पोहोचेपर्यंत ती तरंगायला हवी. माझ्या शिट्टीकडे ती बघत नाहीये. तुमच्याकडे बघतेय. ती तुमचंच ऐकते, आई."

एवढं बोलून ती डावीकडे पळत सुटली, फुटणाऱ्या लाटांच्या दिशेनं, कॅन पोटाशी धरून. गल्लीत शिरली नाही. लांबचा फेरा घेतला. मला तेव्हाही वाटलं, सरळ जा ना बाई, जवळ पडेल.

एकीकडे माझी चाळीस वर्षं आणि एकीकडे तिचे बारा दिवस. आणि मधे पोर. मी एकदा हातानं तिला पाण्यात धाडलं होतं. आता त्याच हातानं आणखी आत धाडायचं होतं. आणि हे चुकलं, तर उरलेला जन्म त्या हातांकडे बघायचं.

अंगणाच्या टोकाला कपडे आपटायचा दगडी कट्टा आहे. मी त्यावर चढले. कशी चढले माहीत नाही, एरवी त्या गुडघ्यानं मी पायरी चढताना दोनदा थांबते. चादर उघडली तर वाऱ्यानं ती माझ्याच तोंडावर गुंडाळली. शिव्या दिल्या, सोडवली, तिला पीळ घातला, दोन टोकं दोन हातांत घेतली आणि डोक्यावर ताणून धरली. पांढरी, ताठ. बगळीचं तोंड वळलं. बघितलं तिनं.

मी दोन्ही हात एकदम खाली टाकले.

तिनं हात मारणं थांबवलं नाही.

मी पुन्हा ताणली, पुन्हा टाकली. सैल. सैल सोड, बये. तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला कळत होतं. आजी असं कसं सांगेल? आजी कधी पाण्याला शरण जा म्हणेल का? मी तिसऱ्यांदा ताणली, आणि ह्या वेळी नुसते हात टाकले नाहीत, खांदे टाकले, मान टाकली, चादर अडकून फाटायला आली की टाकते तशी. आठ वर्षांत असं मी चार-पाच वेळाच केलं असेल. तेव्हा ती टोक हातातून सोडूनच द्यायची.

तिचे हात थांबले.

डोकं दिसेना. मग काहीतरी फिकं वर आलं. तिचा चेहरा, आभाळाकडे. मग लांब कुठंतरी पायांची बोटं. पाठीवर पडली होती.

आणि पाणी तिला घेऊन चाललं. एखादी वस्तू नेतात तसं, घाई न करता. खांबापासून लांब, आणखी लांब. मुलगा वाळूत गुडघ्यावर होता, "आई, ती चाललीय, आई, बोलव ना तिला," असं रडत म्हणत होता. माझे हात खाली लोंबत होते. आयुष्यात मी दगडांनी भरलेली घमेली उचललीत, ओल्या सतरंज्या एकटीनं पिळल्यात. पण ते दोन हात नुसते खाली ठेवायला जेवढं बळ लागलं तेवढं कशालाच लागलं नाही. छातीशी यायला बघायचे, मी ठेवायची. पुन्हा यायचे, पुन्हा ठेवायची.

"ओढ संपली" हे मला कसं कळणार होतं? मास्तरणीनं सांगितलं नव्हतं. विचारायला ती जवळ नव्हती. मग माझी नजर फेसावर गेली. गल्लीच्या पाण्यावरून फेसाचे गोळे आत चालले होते, काडीकचऱ्यासकट. आणि फुटणाऱ्या लाटांच्या बरंच पलीकडे ते गोळे दोन्ही बाजूंना पसरून थांबले होते. नाली जिथं मोठ्या पाण्याला मिळते तिथं साबणाचा फेस पसरतो ना, तसे. साबणाचा फेस कुठं वाहतो आणि कुठं थांबतो हे मला कोणी शिकवायला नको. बगळी त्या पसरलेल्या फेसात गेली आणि तिथंच राहिली.

मी चादर पुन्हा ताणली. तिनं मान वळवली. जिवंत. मी कट्ट्यावरून उतरले आणि डावीकडे चालायला लागले. आडवी, खेकड्यासारखी, तोंड तिच्याकडे, चादर ताणलेली. एक पाऊल, दुसरं पाऊल. चल, बये. अडकलीय, बाजूनं काढू.

ती पालथी झाली. एक हात मारला. दुसरा मारला. डावीकडे.

मी चालले की ती चालायची. मी वाळूत अडखळून थांबले तर तीही थांबली, म्हणून मग मी थांबायचं सोडून दिलं. गुडघ्यात सुया टोचत होत्या. किती चाललो दोघी, मोजलं नाही. मधल्या काळ्या पाण्याची कड मागे पडली, तिच्या आणि माझ्या मधे आता पांढऱ्या लाटा आल्या. त्या लाटांत कमरेएवढ्या पाण्यात मास्तरीण उभी होती, कॅन पुढे धरून, प्रत्येक लाटेला उडी मारत.

मी थांबले. मुठी छातीशी आणल्या. आता ये. घडी घालत ये.

एका लाटेनं तिला उचललं आणि आपटलं. ती गेली आत, बाहेर आली, पुन्हा गेली. मास्तरणीनं दोरीचं एक टोक मनगटाला गुंडाळून कॅन तिच्याकडे फेकले. पहिल्यांदा लांब पडले. दुसऱ्यांदा बगळीचा हात त्यावर पडला. मग दोघी, मधे कॅन, लाट येईल तशा ढकलल्या जात जात वाळूला लागल्या.

मुलानं तिला उचलून कोरड्या वाळूवर आणलं. ती कुशीवर पडून ओकत होती. नुसतं पाणी. ओठ निळे, पण डोळे उघडे. मी तिच्या अंगावर चादर टाकली, दवाखान्याची, धुतलेली. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडून निघालं, "पुन्हा धुवावी लागणार ही."

ती हसली, आणि हसता हसता पुन्हा ओकली.

पथकाची बोट नंतर आली. त्यांच्यातल्या एका धिप्पाड माणसानं बगळीचे डोळे तपासले, छातीला कान लावला, आणि दवाखान्यात दाखवून आणायला सांगितलं, फुप्फुसात पाणी राहतं म्हणून. मग विचारलं, "पाठीवर कोणी पडायला शिकवलं गं तुला? मोठी माणसं करत नाहीत एवढं."

"आजीनं," बगळी म्हणाली.

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या मागे आणखी तिघं होते, शिवाय गेस्टहाउसातल्या सात-आठ बायका गोळा झाल्या होत्या. "वा, आजीबाई," तो म्हणाला.

मास्तरीण शेजारीच उभी होती. केसांतून पाणी निथळत होतं, दोरीनं मनगट सोललं होतं. ती कॅनची दोरी सोडवायला लागली. स्वतःचं नाव ती सांगणार नव्हती.

"आजीनं नाही," मी म्हणाले. "आजीनं नुसते हात हलवले. सांगितलं ते तिच्या आईनं. आणि ह्या बायकांना विचारा, तिथून उतरा म्हणून ह्यांना बोट दाखवणारी मात्र मीच."

एक बाई खाली बघायला लागली. बाकीच्यांनी आपापल्या पोरांचे हात धरले.

बगळीला दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्याच दुपारी मी पिळायचं मशीन बंद केलं आणि मुलाला म्हणाले, "उचल एका बाजूनं." त्यानं उचललं, मी फळी ओढून काढली. ओली होती, कोपरा कुजायला लागला होता, पण अक्षरं शाबूत होती. मी दुसरीपर्यंत शिकले, तेही मधे मधे जाऊन. एक एक अक्षर लावत वाचलं. सावधान. परतीचा प्रवाह.

मास्तरीण दारात येऊन उभी राहिली होती.

"हे काय लिहिलंयस?" मी विचारलं.

"त्याला तसंच म्हणतात, आई. पाणी परत जातं म्हणून."

"परतीचा म्हणजे परत आणणारा वाटतो मला. लोकांना वाटेल, छान, हा आपल्याला घरी सोडेल. आणखी चार जण शिरतील."

ती फळीकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग ती मशीनला टेकून इतकी हसली की रडायलाच लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, पण हात साबणाचा होता, तेव्हा कोपर टेकवलं.

"मग काय लिहू?" ती डोळे पुसत म्हणाली.

"गल्ली लिही. इथं सगळे गल्लीच म्हणतात, माझ्या कृपेनं. लिही, लाट फुटत नाही ती गल्ली. ही गल्ली आत जाते, बाहेर येत नाही. शिरू नका. सापडलात तर झगडू नका, पाठीवर पडा, मग आडवे निघा."

"एवढं मावणार नाही."

"मग मोठी फळी आण. कंजूषपणा कशाला?"

तिनं मोठी आणली. अंगणातून मला ती रोज दिसते. मशीनच्या पायाखाली आता वीट आहे, ती नीट बसत नाही, मशीन थोडं चालतं. चालू दे.

पंधरा दिवसांनी पुन्हा अशीच दुपार होती. ढीग निम्म्यावर, ऊन, वारा तळ्याकडून आमच्याकडे. बगळीनं चादरीचं टोक खाली ठेवलं.

"आजी, जाऊ का पोहायला?"

"मला काय विचारतेस? आईला विचार."

ती गोंधळली. मग आईकडे वळली. मास्तरीण चिमट्यांची टोपली खाली ठेवून अंगणाच्या टोकाला गेली आणि पाण्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मीही बघितलं. मला तर पाणी बरं वाटत होतं.

"आज नको," ती तिथूनच म्हणाली.

बगळीनं माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं, मी एक शब्द बोलले की झालं.

"बघतेस काय?" मी म्हणाले. "धर टोक."